दाजींच्या रिपोर्टातला लाल पट्टा : आतड्यातले जिवाणू आणि मधुमेह

कृष्णाकाठ

मंडळी, थोडं पाल्हाळ होणार आहे. मोबाइलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे दाजी, वय ५४, आष्ट्याजवळच्या गावात असतात. दोन एकर ऊस आणि खताचं दुकान. अंगाने काटक, शर्टाचं माप लग्नापासून बदललेलं नाही. तरी सहा वर्षं झाली शुगर आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा घेतात. मागच्या महिन्यात तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी (एचबीएवनसी) ७.६ आली. भाचा पुण्यात नोकरीला असतो. त्याने कुठलीशी जाहिरात बघून साडेअकरा हजार मोजले आणि घरपोच 'गट टेस्ट' (इंग्रजी 'गट' म्हणजे आतडं) मागवली. खोक्यात एक डबी, इवलासा चमचा आणि सूचनांचा कागद. पुढचा तपशील जेवता जेवता वाचणाऱ्यांसाठी गाळतो. कुरिअरवाल्याने "काका, यात काय आहे?" विचारल्यावर दाजी म्हणाले, "मातीचं सॅम्पल." खताचं दुकान असल्यामुळे खपून गेलं.

पंचवीस दिवसांनी बेचाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट आला. हिरवे, पिवळे, लाल पट्टे. सगळ्यात मोठा लाल पट्टा 'प्रिव्होटेला' नावाच्या जिवाणूचा, ५८ टक्के. खाली लिहिलंय की हा इन्शुलिनला दाद न देणारं शरीर घडवतो. त्याच्याही खाली त्याच कंपनीच्या कॅप्सूल, तीन महिन्यांचा कोर्स.

आता खरी अडचण. दाजींनी जाहीर केलंय, "मूळ आतड्यात सापडलं, आता वरवरची गोळी कशाला?" चार दिवस मेटफॉर्मिन बंद आहे. ताई रडकुंडीला आलीय. मला विचारते, तू एवढं वाचतोस, सांग हे खरं का? मी काय सांगू? शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, दोन किलो भरतात, असंही त्या रिपोर्टात आहे. म्हणजे आपण भाडेकरूच की.

भाकरतुकडा

साडेअकरा हजारांत वर्षाची शाळू भरून झाली असती. तज्ज्ञ येतीलच, वाचतोय.

ओपीडीनंतर

ओपीडी चालू आहे, त्यामुळे आत्ता एवढंच. त्यांच्या डॉक्टरांना आज फोन करायला लावा आणि गोळी परत सुरू करा. बाकी रात्री लिहितो.

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. त्यामुळे या धाग्यावर जरा जास्तच बोलेन.

आधी ते दहापट. हा आकडा जुना आणि अंदाजपंचे आहे. २०१६ मध्ये इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी नीट हिशेब मांडला. साधारण ७० किलोच्या माणसात ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी. म्हणजे जवळपास बरोबरीच. आणि वजन दोन किलो नव्हे, २०० ग्रॅमच्या आसपास. ज्या रिपोर्टात हे सुद्धा जुनंच छापलंय, त्याचे पट्टे कितपत मनावर घ्यायचे ते बघा.

आता प्रिव्होटेला. या बिचाऱ्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

२०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या २७७ मधुमेह नसलेल्या लोकांवर एक अभ्यास 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. ज्यांचं शरीर इन्शुलिनला कमी दाद देत होतं, त्यांच्या रक्तात काही विशिष्ट अमिनो आम्लं जास्त होती आणि ती बनवण्यात 'प्रिव्होटेला कोप्री'चा मोठा हात दिसला. उंदरांना हा जिवाणू दिला तर उंदरांचीही साखर बिघडली. झालं, पट्टा लाल.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, स्वीडनमधून वेगळंच निघालं होतं. ३९ निरोगी लोकांना तीन दिवस अख्ख्या बार्लीच्या दाण्यांचा पाव खायला दिला. काहींची जेवणानंतरची साखर सुधारली, काहींची नाही. सुधारलेल्यांच्या पोटात प्रिव्होटेला जास्त होता! इथेही तो उंदरांना दिला, तर त्यांनी साखर जास्त चांगली हाताळली. एकच जिवाणू, एकाच्या घरी चोर आणि शेजारच्या घरी राखणदार.

कारण काय? बरीचशी गोम खाण्यात आहे. धान्याचा कोंडा, डाळी, तंतू फोडणं हे प्रिव्होटेलाचं काम, त्याला ते मिळालं तर तो एक वागतो, न मिळालं तर दुसरं. शिवाय 'कोप्री' हे एक नाव असलं तरी तो एकच प्राणी नाही. २०१९ मध्ये दिसलं की त्याचे चार ठळक गट आहेत, आणि पाश्चात्त्य नसलेल्या लोकांच्या पोटात बहुधा ते चारही एकत्र नांदतात. पाश्चात्त्यांच्या पोटातून ते विरळ झालेत.

आपल्याकडचं सांगायचं तर त्याच वर्षी भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी लोकांचा अभ्यास आला. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी लोकांमध्ये प्रिव्होटेलाचंच राज्य होतं. निरोगी लोक बरं का. म्हणजे आष्ट्याच्या भाकरी-आमटी खाणाऱ्या माणसाच्या पोटात प्रिव्होटेला सापडणं म्हणजे कृष्णेच्या काठावर ऊस सापडण्यासारखं आहे. तो पट्टा कुठल्या देशाच्या माणसांशी तुलना करून लाल रंगवला, हे त्या बेचाळीस पानांत कुठे लिहिलंय का, शोधा.

कृष्णाकाठ

पेट्रीडिशताई, शोधलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'जागतिक संदर्भसंच' एवढंच आहे. भाच्याला फोटो पाठवला. "मामा, बघतो" म्हणाला आणि गप्प झाला.

पण मग या जिवाणूंचा शुगरशी काहीच संबंध नाही का? ते लठ्ठ उंदरांचं सगळीकडे वाचतो ते?

पेट्रीडिश

संबंध आहे, आणि उंदरांचे प्रयोग भन्नाटच आहेत. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक उंदीर वाढवतात. जन्मापासून बंद फुग्यात, पोटात एकही जिवाणू नाही. २००४ मध्ये त्यांनी अशा उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. चौदा दिवसांत अंगावरची चरबी ६० टक्क्यांनी वाढली, आणि उंदीर खात होते पूर्वीपेक्षा कमी! इन्शुलिनचं कामही मंदावलं. २०१३ मध्ये त्यांनी अशा जुळ्या बहिणी घेतल्या ज्यातली एक लठ्ठ, एक सडपातळ. दोघींची विष्ठा वेगवेगळ्या निर्जंतुक उंदरांना दिली. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर लठ्ठ झाले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तर सडपातळ बहिणीचे जिवाणू पलीकडच्यात शिरले आणि त्यांचं लठ्ठ होणं टळलं. (कसे शिरले? उंदीर एकमेकांची लेंडी खातात. इथेच सोडू.) पण हे पलीकडे जाणंही खाऊ काय मिळतो त्यावर ठरत होतं.

यामागची यंत्रणा थोडक्यात. आपण पचवू न शकलेला कोंडा, डाळींचं साल, भाजीचे तंतू मोठ्या आतड्यात पोचतात. तिथे जिवाणू ते आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं सोडतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य खाणं. शिवाय ही आम्लं आतड्यातल्या काही पेशींना चाळवतात आणि जीएलपी-१ हे संप्रेरक सुटतं. हो, हल्ली आठवड्याला एकदा घ्यायची जी इंजेक्शनं गाजतायत, ती याच संप्रेरकाची नक्कल. फक्त प्रमाणात जमीन-अस्मान. वाटीभर उसळीने इंजेक्शनाएवढं काम होत नाही.

दुसरी बाजू गळक्या भिंतीची. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचं द्रव्य असतं. २००७ मध्ये पॅट्रिस कानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना चार आठवडे भरपूर चरबीचं खाणं दिलं, तर रक्तात हे द्रव्य दोन-तीनपट झालं. नुसतं ते द्रव्य टोचलं तरी उंदरांचं वजन वाढलं आणि इन्शुलिनचं काम बिघडलं. अंगात धुमसणारी बारीक सूज मधुमेहाला खतपाणी घालते, हे तिथून पक्कं होत गेलं.

इथवर सगळं उंदीर. माणसात शिरलं की गुंता वाढतो.

अवांतर : ब्युटिरेट हे नाव लोण्यावरून पडलंय, लोण्या-तुपात ते असतंही. म्हणून 'आतड्यासाठी तूप खा' असे व्हिडिओ फिरतात. तुपातलं ब्युटिरिक आम्ल मोठ्या आतड्यापर्यंत पोचण्याआधीच लहान आतड्यात शोषलं जातं. तूप आवडतं म्हणून खा, बाकी कारणं नकोत.

ओपीडीनंतर

पेट्रीडिश यांनी जिथे सोडलं तिथून उचलतो, कारण दाजींचा प्रश्न तिथेच आहे.

२०१२ मध्ये चीनच्या संशोधकांनी ३४५ लोकांच्या विष्ठेतली जनुकं वाचली. मधुमेह्यांमध्ये ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी दिसले. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये सत्तरीच्या १४५ बायकांवर तसाच अभ्यास झाला. दोन्हीकडे 'जिवाणू बघून मधुमेह ओळखता येतो' असं निघालं, पण ओळखीच्या खुणा जुळेनात. २०१५ मध्ये उलगडा झाला. डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधले मिळून ७८४ नमुने एकत्र तपासल्यावर दिसलं की 'मधुमेहाचे जिवाणू' म्हणून जे मिरवत होते, त्यातले बरेच मेटफॉर्मिनचे होते! गोळी घेणाऱ्यांमध्ये एशेरिशिया नावाचा जिवाणू वाढतो, इंटेस्टिनिबॅक्टर नावाचा घटतो. गोळीचा हिशेब वजा केल्यावरही ब्युटिरेटवाले कमीच राहिले, पण चित्र बरंच फिकं झालं.

म्हणजे दाजींच्या रिपोर्टात सहा वर्षांच्या मेटफॉर्मिनचीही सही आहे. नमुना देताना 'कुठली औषधं घेता' हे विचारलं होतं का?

आता गंमत. २०१७ मध्ये नुकताच मधुमेह कळलेल्या, एकही औषध सुरू नसलेल्या ४० जणांवर प्रयोग झाला. काहींना मेटफॉर्मिन, काहींना दिसायला तशीच खोटी गोळी. चार महिन्यांनी मेटफॉर्मिनवाल्यांची विष्ठा निर्जंतुक उंदरांना दिली, तर उंदरांची साखर सुधारली. म्हणजे ज्या गोळीला दाजी 'वरवरची' म्हणतात, तिच्या कामाचा एक भाग थेट आतड्यातच चालतो. मुळावर उपाय हवा म्हणून मुळावरचाच उपाय बंद केलाय त्यांनी. सुरुवातीला या गोळीने पोट गुडगुडतं, जुलाब होतात, तेही याच भागातलं.

आणि त्यांच्या काटकपणाबद्दल. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, शेजारी शेजारी उभे. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला बारीक, आतून चरबीची. दाजींची शुगर समजून घ्यायला मी आधी त्यांचं पोट फीत लावून मोजेन, विष्ठा नंतर. हे सोडून डबी-चमच्यामागे लागणं मला पटत नाही.

मूळगामी

हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी मंदाग्नी म्हणून सांगून ठेवलंय. आता गोरे उंदरांवर सिद्ध करतायत, म्हणून आपण टाळ्या वाजवतोय.

पेट्रीडिश

मूळगामी, पोट बिघडलं की सगळं बिघडतं हे निरीक्षण जुनं आणि मोलाचं आहे. पण मंदाग्नीत कुठला जिवाणू, किती, गोळीमुळे की रोगामुळे, हे सांगितलेलं नाही. या धाग्यावर भांडण त्याचंच चाललंय.

आणि दर वेळी गोरेच असतात असंही नाही. २०२० मध्ये पुण्यातल्याच एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या मंडळींचा अभ्यास आला. नव्याने मधुमेह कळलेल्यांचे जिवाणू निरोग्यांपेक्षा वेगळे होते, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे नव्हते. जिवाणू आधी बदलतात म्हणून मधुमेह होतो की उलटं, हा प्रश्न त्यामुळे अजून टोकदार झाला.

मूळगामी

ठीक. एनसीसीएसचं माहीत नव्हतं.

अटकेपार

मी आम्स्टरडॅमला असते, म्हणून इथली एक गोष्ट. इथल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये चयापचय बिघडलेल्या १८ पुरुषांवर प्रयोग केला. काहींना सडपातळ दात्यांची विष्ठा (अर्थात गाळून, नाकातून नळीने थेट लहान आतड्यात), काहींना स्वतःचीच. सहा आठवड्यांनी सडपातळ दात्यांची मिळालेल्यांचं शरीर इन्शुलिनला जास्त दाद देऊ लागलं. वजन मात्र तसंच. सगळीकडे बातम्या. मग २०१७ मध्ये ३८ जणांवर परत केलं. सहा आठवड्यांनी फायदा दिसला, अठरा आठवड्यांनी गायब. जुने भाडेकरू परतले.

मी हे डच सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे घर बदललंच नाही, पाहुणे येऊन गेले." या प्रकाराला हसू नका हं, क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूच्या हट्टी जुलाबांवर हाच उपाय उत्तम चालतो, तोही इथेच २०१३ मध्ये सिद्ध झाला. मधुमेहाला मात्र तसा लागू पडलेला नाही. आणि घरच्या घरी यूट्यूब बघून कोणी करू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतले औषधांना न जुमानणारे जिवाणू शिरून एक रुग्ण दगावला होता.

भाकरतुकडा

जेवताना धागा उघडला. माझीच चूक.

दंडावर_सेन्सर

मी स्वतः शुगरवाला. दंडावर चौदा दिवसांचा सेन्सर लावून बघितला. वाटीभर पोहे खाल्ले की १९०च्या वर. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, कांदा, यावर १५०. बायकोनेही हौसेने लावला, तिला शुगर नाही. तिचं पोह्यावर काहीच हललं नाही, पण केळ्यावर चढ. घरात महिनाभर भांडण की पोहे वाईट की केळं.

नंतर कळलं की इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० लोकांवर हेच केलं होतं. तिथेही एकाची साखर केळ्याने वाढली आणि बिस्किटाने नाही, दुसऱ्याची बरोब्बर उलटी. जिवाणू, रक्ततपासण्या, सवयी हे सगळं घालून त्यांनी कोणाची साखर कशाने चढेल याचा अंदाज बांधणारा हिशेब बनवला होता. नुसत्या जिवाणूंवरून नव्हे, हे महत्त्वाचं. माझं मत : साडेअकरा हजारांच्या पट्ट्यांपेक्षा स्वतःच्या बोटाला टोचून पोह्यांनंतर दोन तासांनी बघितलेला आकडा जास्त खरं बोलतो.

शेंगदाणा_कूट

मी पासष्टीची आहे, मला ती नावं उच्चारता येत नाहीत. पण एक सांगा, कडधान्यं वाढवली की पोटात गुबारा धरतो, त्याचं काय? आमच्या सासूबाई वाल, वाटाणा 'वातूळ' म्हणून हिंगाशिवाय शिजवू द्यायच्या नाहीत.

पेट्रीडिश

काकू, तो गुबारा म्हणजेच जिवाणूंची न्याहारी. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या पचवायला आपल्याकडे विकर नाही, मोठ्या आतड्यातल्या मंडळींकडे आहे. ती आंबवतात, वायू धरतो, आणि बरोबरीने ती उपयोगी आम्लंही तयार होतात. बारा तास भिजवून पाणी फेकलं, मोड आणले, की या साखरा बऱ्याच कमी होतात. वाढवायचं तर हळूहळू. आज एकदम दोन वाट्या वाल खाल्ले तर जिवाणू खूश, शेजारचे नाखूश. पाव वाटीने सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. ज्यांना आतड्याचा मूळ आजार आहे किंवा मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून.

तंतूंचा माणसातला सगळ्यात दमदार पुरावा शांघायचा, २०१८. ४३ मधुमेही, सगळ्यांना अकार्बोज ही मधुमेहाची गोळी. त्यातल्या एका गटाला भरपूर आणि नाना तऱ्हेचे तंतू असलेलं जेवण. बारा आठवड्यांनी तंतूवाल्या गटात ८९ टक्क्यांची एचबीएवनसी ७ च्या खाली आली, दुसऱ्यात ५० टक्क्यांची. तंतूंवर पंधरा प्रकारचे जिवाणू फोफावले होते. लोक थोडेच होते, पण दिशा कळते. आणि बघा, गोळी तिथेही दोन्ही गटांना चालूच होती.

साय_नको

आणि ताक? मी रोज दोन ग्लास पितो. शिळ्या भाताचंही कौतुक चाललंय सगळीकडे.

पेट्रीडिश

प्या की. २०२१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांपैकी काहींना दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ दिले, दही, केफिर, किमची वगैरे, काहींना तंतू. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या जिवाणूंत विविधता वाढली, सूज दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. ते निरोगी लोक होते, मधुमेहाचा निकाल त्यात नाही. आणि सहा-सहा वाट्या रोज! ताकात साखर-मीठ ढकलू नका म्हणजे झालं.

शिळ्या भातातला थोडा स्टार्च थंड झाल्यावर न पचणारा होतो, हे खरं. थोडाच. 'शिळा भात शुगर-फ्री' हे खोटं. आणि रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्ये टाका. भातात बॅसिलस सिरियस नावाचा वेगळाच पाहुणा वाढतो आणि तो ओकायला लावतो.

कृष्णाकाठ

अपडेट. उशीर झाला, गळीत सुरू होतं.

त्या रात्री ओपीडीनंतर यांचा प्रतिसाद दाजींना मोठ्याने वाचून दाखवला. 'मुळावरचाच उपाय बंद केलाय' इथे थांबून म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. काही बोलले नाहीत, पण ताईने सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी डबीतून गोळी काढताना दिसले. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी गोळी तीच ठेवली, रात्रीचा भात अर्ध्यावर आणायला सांगितला, जेवणानंतर बांधावर फेरी. फीत लावून पोटही मोजलं, ३७ इंच निघालं. शर्टाचं माप तेच होतं ते बटणं न लावल्यामुळे, असं ताईचं म्हणणं.

कॅप्सूल मागवल्या नाहीत. भाच्याने कंपनीला पत्र लिहून विचारलं की संदर्भसंचात भारतीय किती. उत्तरात वीस टक्के सवलतीचं कूपन आलं.

ताईने मटकी भिजत घालायला घेतलीय. ती विचारतेय, मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये किती दिवस चालते? आणि तो इवलासा चमचा कोरा, न वापरलेला एक जास्तीचा आला होता, तो दाजींनी दुकानात जिबरेलिक (पिकाच्या वाढीचं औषध) मोजायला ठेवलाय.

शेंगदाणा_कूट

मटकी तीन दिवस, ओल्या फडक्यात. पण आधी मला सांग, चमचा नक्की न वापरलेलाच ना?